जुन्या मीटरला कॉम्प्युटर जोडताय? या चुका टाळा

जुना बेंच मल्टिमीटर जीपीआयबी (मोजमापाची उपकरणं कॉम्प्युटरला जोडायची जुनी पद्धत) अ‍ॅडॅप्टरने कॉम्प्युटरला जोडला आणि तो ढिम्म हलेना, की आपण प्रोग्रॅम उकरत बसतो. चूक बहुधा तिथे नसतेच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘*आयडीएन?’ म्हणजे ‘तू कोण?’ असं उपकरणाला विचारणाऱ्या कमांडने. ती रूढ झाली १९८७ च्या आयईईई ४८८.२ मानकामुळे. त्याआधीच्या उपकरणांना ती कळणार कुठून? ‘एचपी ३४७८ए’ या जुन्या मल्टिमीटरला डीसी व्होल्ट मोजायला लावायचं तर ‘एफ१’ पाठवावं लागतं. नको ते विचारलं की मीटर गप्प बसतो आणि आपण धडधाकट अ‍ॅडॅप्टरला दोष देतो. आधी मॅन्युअल उघडा.

मग मागच्या बाजूचे डिप स्विच, म्हणजे बारीक खटके बघा. त्यातले पाच पत्त्याचे, म्हणजे कॉम्प्युटर उपकरणाला ज्या नंबराने हाक मारतो त्याचे असतात, ० ते ३० पर्यंत. बऱ्याच उपकरणांत हा पत्ता चालू होतानाच वाचला जातो, त्यामुळे स्विच हलवल्यावर मीटर एकदा बंद-चालू करा. शेजारचा ‘टॉक ओन्ली’ स्विच चुकून चालू राहिला असेल, तर मीटर नुसता बोलत सुटतो, ऐकत काहीच नाही.

माझ्या दोन संध्याकाळी एका सिग्नल जनरेटरने खाल्ल्या. फ्रिक्वेन्सी बरोबर बदलायची, पण प्रत्येक कमांडनंतर पडद्यावर एरर. अ‍ॅडॅप्टरमध्ये ‘++ऑटो १’ ही सेटिंग राहिली होती. म्हणजे काहीही पाठवलं की अ‍ॅडॅप्टर लगेच ‘आता उत्तर दे’ म्हणायचा, आणि जनरेटरकडे उत्तरच नसायचं. ‘++ऑटो ०’ करा आणि प्रश्न विचारला असेल तेव्हाच ‘++रीड ईओआय’ (उत्तर संपेपर्यंत वाच) पाठवा. तरीही कमांडला दाद मिळत नसेल, तर ओळीच्या शेवटी सीआर हवं की एलएफ (ओळ संपल्याची न दिसणारी चिन्हं) की दोन्ही, हे तपासा.

आरएस-२३२ (जुना सीरियल पोर्ट) वाल्या उपकरणांची गंमत वेगळी. तिथल्या तारेवर उणे-अधिक १२ व्होल्टच्या आसपास असतात. मायक्रोकंट्रोलरसाठीचं ५ व्होल्टचं यूएसबी मोड्यूल थेट लावलंत तर ते जळू शकतं, आणि वाचलं तरी सिग्नल उलटा असल्याने नुसता कचरा दिसेल. खरा आरएस-२३२ कन्व्हर्टरच घ्या. तोही गप्प असेल तर २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट करून बघा.

आता अर्थिंग, आणि इथे चूक जिवावर बेतू शकते. काही जण ऑसिलोस्कोपचं अर्थिंग तोडून मेन्सवरच्या सर्किटला प्रोब लावतात. मुळातच करू नये असं हे काम. त्यात अशा स्कोपला डेटा केबल जोडली, की प्रोबच्या ग्राउंड क्लिपवरचा व्होल्टेज केबलच्या ग्राउंडमधून थेट लॅपटॉपपर्यंत जातो. लॅपटॉप तर जाईलच, त्यावर हात असला तर तुम्हालाही झटका. यूएसबी आयसोलेटर (दोन बाजूंचं ग्राउंड वेगळं ठेवणारं यंत्र) ग्राउंड लूपचा, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने सिग्नलमध्ये येणारा आवाज घालवतो, पण त्याच्या भरवशावर हा उद्योग नको. दोन बिंदूंमधला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रोब वापरा.

मीटर बोलायला लागला की लॉगिंगच्या आधी एक काम उरका. ३४७८ए मध्ये कॅलिब्रेशनचे (माप अचूक यावं म्हणून केलेल्या जुळणीचे) आकडे रॅममध्ये असतात आणि ती रॅम एका लिथियम सेलवर जगते. सेल संपला की कॅलिब्रेशन गेलं. ते आकडे जीपीआयबीवरून वाचता येतात, तेव्हा सेल बदलण्यासाठी सोल्डरिंग गन हातात घेण्यापूर्वी ते फाइलमध्ये उतरवून ठेवा.