युनिक्स, लिनक्स, मॅक: घराणं एक, चुली वेगळ्या

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या पोराची स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) अडली. लिनक्स सर्व्हरवर मस्त चाललेली, त्याच्या मॅकबुकवर मात्र 'इनव्हॅलिड कमांड कोड'. "सर, पण दोन्ही लिनक्सच ना?"

पहिली चूक इथेच. मॅकच्या पोटात डार्विन आहे: माख कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी या युनिक्सचा वारसा. लिनक्स १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्सने कोऱ्या पाटीवर लिहिलं आणि त्यावरची रोजची हत्यारं आली जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाकडून, ज्याच्या नावाचाच अर्थ 'हे युनिक्स नव्हे'. गंमत म्हणजे २००७ पासून मॅककडे युनिक्सचं रीतसर प्रमाणपत्र आहे. उबंटू, डेबियन या लिनक्सच्या अवतारांकडे नाही. मूळ कल्पना मात्र एकाच जागची, १९६९ च्या बेल लॅब्ज या अमेरिकन प्रयोगशाळेतली. तिथलं 'युनिक्स' हे नावही आधीच्या 'मल्टिक्स' या ऑपरेटिंग सिस्टीमची केलेली टिंगल.

म्हणून आधी टर्मिनलात युनेम (सिस्टीमचं नाव सांगणारी कमांड) चालवा. 'डार्विन' आलं की सावध.

आता त्या पोराची सेड कमांड, म्हणजे मजकुरात बदल करणारी. फाइलमध्ये जागीच बदल करणारा 'आय' पर्याय जीएनयूत एकटा चालतो. मॅकच्या बीएसडी सेडला मात्र त्यापुढे बॅकअप फाइलच्या नावाला जोडायचं शेपूट लागतंच. ते दिलं नाही, तर तो तुमचा बदलाचा मजकूरच शेपूट समजतो आणि फाइलच्या नावाला कमांड. मग बोंब. नेटवर सापडणारा उपाय म्हणजे मध्ये रिकामी अवतरणचिन्हं टाकणं; त्याने मॅक शांत होतो, लिनक्स बिघडतो. त्यापेक्षा 'आय'ला चिकटवून, मध्ये जागा न सोडता, 'डॉट बॅक' लिहा. दोन्हीकडे चालतं. मागे उरलेली बॅकअप फाइल नंतर उडवा.

कालची तारीख काढायला जीएनयूच्या डेट कमांडमध्ये 'डी' पर्याय, मॅकवर 'व्ही'. हे पाठच करायचं.

फाइलनावांचं दुखणं उलट दिशेनं येतं. इंग्रजीत मोठ्या डीचं दादर आणि छोट्या डीचं दादर मॅकला सहसा एकच वाटतं, लिनक्सला दोन. (पश्चिम आणि मध्य, आपल्याला सवय आहे म्हणा.) त्यामुळे लॅपटॉपवर दिसणारा फोटो सर्व्हरवर गायब होतो. नावं सगळी छोट्या अक्षरांत ठेवा.

शेवटचं, स्क्रिप्टची पहिली ओळ: ती कुठल्या शेलने, म्हणजे कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवायची ते सांगणारी. तिथे नुसतं 'एसएच' लिहिलंत तर उबंटूवर डॅश हा शेल उठतो, आणि त्याला बॅश या दुसऱ्या शेलचे ॲरे (एका नावाखाली ठेवलेली अनेक मूल्यं) कळत नाहीत. 'बॅश' लिहा. पण मॅकसोबत येणारा बॅश अजून ३.२ वरच आहे. नावाने शोधायचे ॲरे त्यातही नाहीत.