ग्रामसभेने तेंदू हंगाम स्वतः चालवायचा तर

गडचिरोलीच्या पूर्वेकडच्या धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागड या डोंगराळ तालुक्यांत शेती मुख्यतः पावसाच्या धानाची. मे महिन्यात घरात रोकड येते ती बिडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याची. वनहक्क कायदा आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यांमुळे इथल्या अनेक ग्रामसभा आता पत्ता स्वतः विकतात. हंगाम जेमतेम दहा-पंधरा दिवसांचा, त्यामुळे तयारी आधीच हवी.

खुटकटाई, म्हणजे तेंदूची झुडपं छाटणं, फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत उरकावी. झुडूप धारदार कुऱ्हाडीने जमिनीलगत, साल न फाटता कापायचं. साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत नव्या फुटव्यावर मोठा, मऊ पत्ता येतो. मोठ्या झाडाचा पत्ता जाड आणि शिरांचा, तो बिडीला चालत नाही. फुटवा यावा म्हणून जंगलाला आग लावू नये. पत्ता येतो खरा, पण मोहाची, चारोळीची रोपं जळतात आणि पुढच्या वर्षांचं उत्पन्न जातं.

लिलाव तोडाईच्या बराच आधी घ्यावा. चार-सहा गावं एकत्र आली तर भाव बरा मिळतो. ठेकेदाराशी करारात तोडाईची मजुरी आणि रॉयल्टी (पत्त्याचे ग्रामसभेला मिळणारे पैसे) वेगवेगळी लिहा, अनामत आधी घ्या. सगळ्यात महत्त्वाची अट: रॉयल्टी पूर्ण जमा झाल्याशिवाय ग्रामसभा वाहतूक परवाना देणार नाही. माल एकदा गेला की मागे धावून पैसे वसूल होणं कठीण, म्हणून या अटीवर कुणाच्याही गोड बोलण्याने ढिलं पडू नका.

तोडाई पहाटेपासून, पण एकट्याने जाऊ नये. त्याच दिवसांत अस्वलं टेंभरांवर, म्हणजे तेंदूच्या फळांवर असतात. लालसर कोवळा पत्ता वाळून आकसतो, जून पत्ता चुरतो, भोकं किंवा डाग पडलेला फळीवर (पत्ता मोजून घेण्याच्या आणि वाळवण्याच्या जागेवर) बाद होतो. महाराष्ट्रात पुडा (पानांची जुडी) 70 पानांचा, शेजारच्या छत्तीसगडात 50 चा. सीमेलगतच्या गावांनी दोन्हीकडच्या भावांची तुलना करताना हे विसरू नये. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी.

फळीवर खरी गळती होते. शेकड्यामागे 'वरचे' चार-दोन पुडे मागितले जातात. ते द्यायचे की नाही हे करारातच ठरवा, नाहीतर हंगामभर मजुरी फुकट जाते. मोजणीला ठेकेदाराच्या मुन्शीसोबत ग्रामसभेचा माणूस बसवा, आणि प्रत्येक कुटुंबाच्या कार्डावर त्याच संध्याकाळी पुडे लिहा. पुढे रॉयल्टीची वाटणी याच कार्डांवरून होते.

फळीची जागा उघडी, उन्हाची आणि पाणी न साचणारी हवी. पुडे ओळीने मांडायचे, तीन-चार दिवसांनी उलथायचे, आतलं पान कडक वाळेपर्यंत. वळवाचा पाऊस आला तर ओले पुडे ढिगात ठेवू नका, लगेच सुटे पसरा, नाहीतर बुरशीने काळे पडतात. बोद (पत्त्याचं मोठं पोतं) भरण्याआधी संध्याकाळी वरून हलकं पाणी मारायचं आणि पहाटे गारव्यात भरायचं. पाणी कमी पडलं तर पान हातातच तुटतं, जास्त झालं तर बोद आतून तापून माल सडतो. पान मुठीत दाबून सोडा: न तुटता उलगडलं आणि तळव्याला ओल लागली नाही, तर भरायला हरकत नाही.