कंपनीच्या मोबाईलवर सेटिंग आणि नोटिफिकेशन बंद करायचं काम : या लाईनमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

डिव्हाइस मॅनेजमेंटच्या कामात नवीन आलात की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य कानावर पडणार, "पोरं फोनमध्ये काहीतरी करत बसतात, सेटिंग बंद करून टाका आणि नोटिफिकेशन पण बंद करा." मालक सांगतो, मॅनेजर सांगतो, कधी एचआरवाले सांगतात. ऐकायला दोन टिक मारण्याचं काम वाटतं. मी भिवंडी भागातल्या गोडाऊनचे टॅबलेट आणि डिलिव्हरीवाल्यांचे फोन सांभाळतो, आणि माझं ठाम मत झालंय की हे दोन टिक मारण्याआधी तो फोन दिवसभर कोणाच्या हातात असतो आणि तो माणूस त्याच्यावर काय काय करतो हे जाऊन बघायलाच पाहिजे, नाहीतर लॉक मजबूत होतं पण काम बंद पडतं.

आधी पाया समजून घ्या. अँड्रॉइडमध्ये खरी बंदी घालायची असेल तर तुमचं एमडीएम (कंपनीचे फोन लांबून सांभाळायचं सॉफ्टवेअर) त्या फोनचं डिव्हाइस ओनर, म्हणजे फोनवर पूर्ण ताबा असलेलं ॲप, असायला पाहिजे. वापरात असलेल्या फोनवर नंतर नुसतं ॲप टाकून हे होत नाही, फोन फॅक्टरी रिसेट करून पहिल्या वेलकम स्क्रीनवरूनच सुरुवात करावी लागते, तिथे एकाच जागी सहा वेळा टॅप केलं की क्यूआर स्कॅनर उघडतो. अँड्रॉइड ९ पासून तो स्कॅनर फोनमध्येच असतो. जास्त फोन असतील तर झिरो टच किंवा सॅमसंगचं नॉक्स मोबाईल एनरोलमेंट, म्हणजे डबा उघडून नेटला जोडला की फोन आपोआप कंपनीच्या ताब्यात. प्ले स्टोअरवर "किऑस्क लॉक" (फोन ठराविक ॲपपुरता बांधून ठेवणं) नावाखाली बरीच ॲप मिळतात जी रिसेट न करता चालतात, ती स्क्रीनवर पारदर्शक पडदा टाकून किंवा नोटिफिकेशनची पट्टी खाली आली की लगेच मिटवून काम भागवायची. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं त्यात गूगलने पट्टी अशी परस्पर मिटवण्याची सोय साध्या ॲपसाठी जवळजवळ बंदच केली. त्यामुळे क्लायंटने "रिसेट न करता होईल का" विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. डेटाचा बॅकअप घ्यायला त्यांना वेळ द्या, पण अर्धवट लॉक देऊ नका.

आता सेटिंग आणि नोटिफिकेशन हा एकच विषय का आहे ते सांगतो, कारण नवीन लोक ते दोन वेगळे समजतात. तुम्ही लाँचरमधून, म्हणजे होम स्क्रीन दाखवणाऱ्या ॲपमधून, सेटिंगचा आयकॉन काढला, होम स्क्रीनवर फक्त दोन ॲप ठेवली, छान दिसतं. पण वरून पट्टी ओढली की कोपऱ्यात गिअरचं चिन्ह आहेच. ते काढलं तरी एखादं नोटिफिकेशन दाबून धरलं की त्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाता येतं आणि तिथून मागे मागे जात मुख्य सेटिंगमध्ये. व्हॉल्यूमचं बटण दाबल्यावर जी पट्टी येते तिच्या खाली पण गिअर असतो, कीबोर्डवरून कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाता येतं, आणि एखादं ॲप स्वतःच म्हणतं की परवानगी नाही, सेटिंगमध्ये जा. गोडाऊनमधला वीस वर्षांचा पोरगा या सगळ्या वाटा दोन दिवसांत शोधतो आणि शोधणारच, फोन त्याच्या हातात आठ तास असतो.

म्हणून आयकॉन लपवणं वेगळं आणि सेटिंग अडवणं वेगळं, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्कं करा. अडवायचं तर लॉक टास्क मोड वापरायचा. त्यात जी ॲप यादीत आहेत तीच उघडतात, सेटिंग यादीत नसेल तर बहुतेक वाटांनी ते उघडत नाही. हा मोड अँड्रॉइड ५ पासून आहे, आणि अँड्रॉइड ९ पासून त्यात काय चालू ठेवायचं ते वेगवेगळं ठरवता येतं : होम बटण, नोटिफिकेशन, वरचं घड्याळ आणि बॅटरी, पॉवर बटणाचा मेनू, लॉक स्क्रीन. यात नोटिफिकेशन चालू ठेवायचं असेल तर होम बटण पण चालू ठेवावंच लागतं, हे माहीत नसेल तर बराच वेळ डोकं खाजवत बसाल.

माझा आग्रह असतो की वरची पट्टी पूर्ण बंद करण्याऐवजी फक्त माहिती दिसेल असा मधला पर्याय घ्या. बॅटरी किती, रेंज आहे का, वाजले किती. ड्रायव्हरला बॅटरी दिसत नसेल तर फोन मेल्यावरच कळतं, आणि तेव्हा तो कुठेतरी हायवेवर असतो.

सेटिंगमधल्या कुठल्या गोष्टी मोकळ्या ठेवायच्या हे ऑफिसात बसून ठरत नाही. मी बिल छापणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांचं उदाहरण नेहमी देतो. त्यांच्याकडे छोटा ब्लूटूथ थर्मल प्रिंटर असतो. ब्लूटूथ कॉन्फिगरेशन बंद केलं की आधी जोडलेला प्रिंटर चालतो, पण तो बिघडून दुसरा दिला की पेअरच करता येत नाही, आणि मग सकाळी सहाला फोन येतो, "दादा, प्रिंटर बदललाय, जोडता येईना, गाडी भरून उभी आहे." ब्राइटनेस तसंच, दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही. अक्षरांचा आकार, कारण सगळे पंचविशीतले नसतात. भाषा, कारण एकाच गोडाऊनमध्ये मराठी, हिंदी, उर्दू वाचणारे लोक असतात. बहुतेक चांगल्या एमडीएमच्या लाँचरमध्ये वायफाय, ब्लूटूथ, ब्राइटनेस, आवाज, टॉर्च यांची छोटी वेगळी स्क्रीन देता येते, मूळ सेटिंग न उघडता. ती द्या. माणसाला कामापुरता हात मोकळा मिळाला की पळवाटा शोधण्याचं कारणच अर्धं संपतं.

याउलट काही गोष्टी न विचारता बंद करा. सेफ मोड बंद, कारण त्यात बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत म्हणजे तुमचा लाँचरच गायब. फॅक्टरी रिसेट बंद. डेव्हलपर ऑप्शन आणि यूएसबी डिबगिंग बंद. अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकणं बंद. तारीख वेळ बदलणं बंद, हे लोक विसरतात, पण हजेरी किंवा डिलिव्हरीची वेळ फोनच्या घड्याळावर घेतली जात असेल तर तिथेच सगळा घोळ होतो.

वायफायबद्दल जरा जपून. वायफाय बदलणं पूर्ण बंद केलं आणि गोडाऊनमध्ये कोणीतरी राउटरचा पासवर्ड बदलला तर सगळे टॅबलेट ऑफलाइन. ऑफलाइन म्हणजे तुमची नवीन पॉलिसी (एमडीएममधून फोनला पाठवलेले नियम) पण त्यांच्यापर्यंत जाणार नाही, म्हणजे चूक दुरुस्त करायची वाटच बंद. गूगलच्या अँड्रॉइड मॅनेजमेंट एपीआयमध्ये (एमडीएम ज्यातून फोनला नियम पाठवू शकतं ती गूगलची यंत्रणा) यासाठी नेटवर्क एस्केप हॅच म्हणून सोय आहे, फोन चालू होताना नेट मिळालं नाही तर तात्पुरतं दुसरं नेटवर्क जोडायला देतो, पॉलिसी घेतो आणि ते नेटवर्क विसरतो. पण वायफाय बदलणं पूर्ण बंद ठेवलं असेल तर काही परिस्थितीत ही वाट पण चालत नाही, म्हणून दोन्ही सेटिंग एकत्र तपासा. शक्य असेल तिथे एक सिमकार्ड टाका, आणि राउटर सांभाळणाऱ्या माणसाचा नंबर स्वतःकडे ठेवा, हे कुठल्याही सर्टिफिकेशनमध्ये शिकवत नाहीत पण फार उपयोगाचं आहे.

नोटिफिकेशनकडे येतो, कारण खरं नुकसान इथे होतं. लॉक टास्कमध्ये नोटिफिकेशन बंद ठेवलं की फक्त पट्टी बंद होत नाही, वरून येणारे पॉप-अप पण बंद होतात. ड्रायव्हर मॅप बघत असताना ऑर्डर कॅन्सल झाल्याचा निरोप आला तर तो त्याला दिसणारच नाही. स्क्रीन चालू असताना येणारा कॉल पण साधारण अशाच पॉप-अपच्या रूपात येतो, म्हणून डायलर (कॉलचं ॲप) यादीत टाका आणि प्रत्येक मॉडेलवर स्वतः कॉल करून बघा, स्क्रीन चालू असताना एकदा, बंद असताना एकदा, दुसरं ॲप उघडं असताना एकदा. ग्राहक गेटवर उभा आहे आणि फोन वाजतोय पण उचलायला बटण दिसत नाही, यात त्या डिलिव्हरीवाल्याची काय चूक? पण ओरडा त्यालाच बसतो. मला हे मनापासून खटकतं, म्हणून ही टेस्ट मी कोणाला वगळू देत नाही.

मग नोटिफिकेशन चालू ठेवायचं पण फक्त कामाच्या ॲपचं, हा बहुतेक वेळा बरोबर रस्ता असतो. फोनवर कामाचीच ॲप ठेवली, बाकी सगळी काढली किंवा लपवली, की येणारे निरोप पण कामाचेच राहतात. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲपला नोटिफिकेशनसाठी परवानगी मागावी लागते, ती पॉलिसीतूनच देऊन टाका, नाहीतर कोणीतरी घाईत नाही दाबतं आणि त्या फोनवर ऑर्डर वाजतच नाही. दुसरी गोष्ट चॅनेलची. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपची नोटिफिकेशन चॅनेलमध्ये वाटलेली असतात आणि एकदा चॅनेल तयार झालं की त्याचा आवाज, त्याचं महत्त्व वापरणाऱ्याच्या हातात जातं, ॲप ते परत वाढवू शकत नाही. म्हणजे परवानगी दिसते चालू, पण पोराने निरोप दाबून धरून सायलेंट केलेला असतो. "ॲपमध्ये बग आहे" म्हणून डेव्हलपरला मेल टाकण्याआधी फोन हातात घ्या आणि चॅनेल बघा.

लॉक स्क्रीनवर मजकूर दिसू द्यायचा की नाही हे पण ठरवा. ग्राहकाचं नाव, पत्ता, ओटीपी लॉक स्क्रीनवर उघडा दिसत असेल तर ते बरोबर नाही, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच पण कायदा नसता तरी नाही. मजकूर लपवून फक्त ॲपचं नाव दाखवायची पॉलिसी आहे, ती लावा.

आयफोनचं थोडक्यात. तिथे डिव्हाइस सुपरवाइज्ड, म्हणजे कंपनीच्या जास्त ताब्यात, असायला पाहिजे, ॲपल बिझनेस मॅनेजरमधून किंवा कॉन्फिग्युरेटरने. मग प्रत्येक ॲपसाठी नोटिफिकेशन चालू की बंद, लॉक स्क्रीनवर दिसेल की नाही, आवाज, बॅज हे प्रोफाइलमधून ठरवता येतं. माझ्याकडे आयफोन कमीच येतात, सेल्सवाल्या साहेबांचे तेवढे.

आणि फोन जर माणसाचा स्वतःचा असेल तर ही सगळी बंदी विसरा. तिथे वर्क प्रोफाइल वापरायचं, बॅगेचं चिन्ह असलेली ॲप कंपनीची, बाकी फोन त्याचा. मालक कितीही म्हणाला तरी त्याच्या घरच्या व्हॉट्सॲपवर आपला हक्क नाही.

शिकायचं कसं, तर एक जुना फोन घ्या ज्याच्यावर काही राहिलेलं नाही. गूगलचं टेस्ट डीपीसी म्हणून एमडीएमसारख्या बंद्या करून बघायचं फुकट ॲप आहे, रिसेट केल्यावर जीमेल विचारतो तिथे ए-एफ-डब्ल्यू, हॅश आणि टेस्टडीपीसी असं एकत्र टाइप केलं की ते डिव्हाइस ओनर होतं. त्यात वर सांगितलेली प्रत्येक बंदी एक एक करून चालू करा, आणि चालू केल्यावर स्वतःच ती तोडायचा प्रयत्न करा. काय तुटलं, कुठल्या मॉडेलवर, कुठल्या व्हर्जनवर, हे वहीत लिहा. मग एखाद्या एमडीएमचा ट्रायल घ्या. इंट्यून मोठ्या कंपन्यांत चालतं, सोटी गोडाऊन आणि लॉजिस्टिकमध्ये जास्त दिसतं, मॅनेजइंजिन चेन्नईच्या झोहोचं आहे, स्केलफ्यूजन तर आपल्या पुण्यातलंच. एक नीट समजलं की बाकीच्यांत फक्त मेनूची नावं बदलतात, कारण खाली अँड्रॉइडची यंत्रणा तीच आहे.

इंटरव्ह्यूला गेलात आणि विचारलं की आमच्या डिलिव्हरी फोनवर सेटिंग आणि नोटिफिकेशन कसं बंद कराल, तर लगेच पॉलिसीची नावं सांगायला लागू नका. आधी उलट विचारा, फोन कुठलं मॉडेल, सिम आहे का, प्रिंटर किंवा स्कॅनर जोडतात का, कॉल येतात का, आणि तुमच्या एका माणसाबरोबर मला अर्धा दिवस गाडीवर जाता येईल का.