टायकोच्या तुकड्यांचा वेग मोजायला बसण्याआधी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला टायको, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचे पसरत जाणारे अवशेष, घेतलेल्या ज्युनिअर्सनी विचारलं, आधी काय काय करून ठेवायचं? दर वर्षी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

डेटा कॉलेजच्या नेटवर उतरवून घ्या. चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीची टायकोवरची जुनी निरीक्षणं कोणालाही फुकट मिळतात, पण फाइली अवजड असतात आणि पारसिकच्या बोगद्यात हॉटस्पॉट तुटतो तो तुटतोच. हार्ड डिस्क पिशवीत टाकायच्या आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, जुलै आहे. सिआओ, एक्सस्पेक आणि डीएस-नाइन ही सॉफ्टवेअरं एका दिवसात बसतात. त्यात मदत लागली तर लॅबमध्ये कोणीही करेल.

व्हायवात एक प्रश्न ठरलेला. एसएक्सटी ही क्ष-किरण दुर्बीण कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनली, २०१५ पासून ॲस्ट्रोसॅट या आपल्या उपग्रहावर आहे. मग डेटा परक्या दुर्बिणीचा का? टायको आकाशात जेमतेम आठ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). एसएक्सटीच्या चित्रात साधारण दोन कलांचा धूसरपणा असतो, म्हणजे आपल्याकडे येणारे आणि पलीकडे जाणारे तुकडे एकमेकांत मिसळतात. चंद्राला अर्ध्या विकलेइतकं बारीक दिसतं. मग एकेक गाठ, म्हणजे तुकडा, वेगळी काढता येते.

आता वही काढा. कॉम्प्युटर नको, वहीच. हेलियमसारख्या, म्हणजे दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या, सिलिकॉनची वर्णपटातली रेषा १.८६५ केईव्हीला (ईव्ही हे ऊर्जेचं एकक, केईव्ही म्हणजे हजार ईव्ही). तुकडा आपल्याकडे आला किंवा लांब गेला की ही रेषा सरकते, त्यावरून वेग कळतो. सुझाकू उपग्रहाच्या निरीक्षणांतून टायकोतल्या सिलिकॉनचा प्रसरणवेग सेकंदाला सुमारे ४,७०० किमी निघाला होता. प्रकाशाच्या वेगाने भागा, रेषेच्या ऊर्जेने गुणा: २९ ईव्ही. एवढीच रेषा सरकणार. चंद्राच्या सीसीडीवर (क्ष-किरण टिपणाऱ्या चिपवर) तीच रेषा शंभर ईव्हीहून जाड दिसते. हे बघून घाबरू नका. जाड डोंगराचं शिखर नेमकं कुठे आहे ते डोंगराच्या रुंदीपेक्षा कितीतरी बारीक सांगता येतं. रेषेत अडीच हजार फोटॉन असले की मध्यबिंदूची चूक एक ईव्हीच्या आसपास येते, म्हणजे वेगात सेकंदाला साधारण १६० किमी. इथे सगळे खूश होतात. मीही झाले होते.

पण खरी चूक फोटॉनांच्या संख्येत नसते, मोजपट्टीत असते. सीसीडी इलेक्ट्रॉन मोजतो, आणि ‘इतके इलेक्ट्रॉन म्हणजे इतकी ऊर्जा’ हे कोष्टक म्हणजे गेन. त्यात ०.३ टक्के फरक पडला तर वेग सेकंदाला ९०० किमीने चुकतो, आणि तो फोटॉन दहापट करूनही जात नाही. मी पहिले तीन आठवडे कॅलिब्रेशनच्या (ही मोजपट्टी जुळवायच्या) जुन्या फाइली घेऊन बसले होते. माझ्या हिशेबात अख्खा टायको आपल्या अंगावर येत होता, झाडून सगळे तुकडे, एकही पलीकडे जाणारा नाही! गाईडनी ग्राफ पाहिला, चहाचा कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, “शून्य कुठलं धरलंस?”

म्हणून तयारीतली सगळ्यात मोठी गोष्ट ही: सगळा डेटा नव्या कॅलिब्रेशनने पुन्हा प्रोसेस करा, आणि शून्य आकाशातूनच घ्या. टायकोच्या कडेवरचे तुकडे आपल्या नजरेला आडवे धावतात, त्यांची रेषा जवळपास जागेवरच असायला हवी. ती सरकलेली दिसली तर आधी संशय यंत्रावर घ्या. मधल्या भागातले तुकडे मात्र एक तर आपल्याकडे येणार किंवा पाठ फिरवून जाणार. कड आणि मध्य यांतला फरक हाच तुमचा वेग. कडेचा तुकडा शक्यतो मधल्याच्याच चिपवरचा निवडा. गेन चिपगणिक बदलतो.

एवढं करूनही एक चोरवाट उरते. ती १.८६५ ची ‘एक’ रेषा खरं तर एकटी नाही. तिच्या शेजारी १.८४ ला दुसरी रेषा बसते, सीसीडीला दोन्ही एकच दिसतात. तापमान किंवा आयनीकरण बदललं की दोघींचं प्रमाण बदलतं आणि मध्यबिंदू सरकतो, तुकडा तसूभरही हलला नाही तरी. दोघींमधलं अंतर वेगाच्या भाषेत ४,००० किमीहून जास्त, त्यामुळे हे गंमतीत घेऊ नका. साधा गॉशियन (घंटेच्या आकाराचा वक्र) बसवून थांबू नका. समतोलात नसलेल्या आयनांचं मॉडेल वापरा, त्यात आयनीकरणाचं वय (आयनीकरण किती पुढे गेलंय त्याचं माप) मोकळं सोडा. मग सल्फरची २.४६ केईव्हीची रेषा वेगळी फिट करा. वेग खरा असेल तर दोन्ही रेषा सारख्याच टक्क्यांनी सरकतात. सल्फरचं उत्तर भलतंच आलं तर तुकडा पुन्हा तपासा. (दोन्ही जुळले म्हणजे काम झालं असंही नाही, आयनीकरण दोघांनाही एकाच बाजूला ढकलू शकतं.)

किरकोळ पण रडवणारी गोष्ट: एक्सस्पेकमध्ये रेडशिफ्ट (रेषा किती सरकली तो आकडा) उणे म्हणजे तुकडा आपल्याकडे येतोय. वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा.

२०२३ साली उडालेल्या जपानच्या क्रिझम उपग्रहाला जवळपास पाच ईव्हीचा भेद कळतो. तिथे पृथ्वीची सूर्याभोवतीची सेकंदाला ३० किमीची गतीसुद्धा वजा करावी लागते. आपल्याला ती चिंता नाही. पण त्याचं चित्र भरड, एकेका गाठीसाठी चंद्राच लागते.

गुरुवारी येताना सहा तुकडे निवडून आणा, तीन कडेचे, तीन मधले. प्रत्येकाची रिजन फाइल (चित्रात तुकडा कुठे आखलाय ती) आणि कुठल्या चिपवर पडतो ती नोंद सोबत हवी. फिट कडेच्या तिघांपासून सुरू करू.