पुराच्या दिवशी सरकारी सोशल मीडिया खातं कसं चालवावं: नाशिकमधल्या कार्यालयांसाठी

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठच्या सराफ बाजारातल्या दुकानदाराला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: पाणी किती वाढणार आणि माल कधी हलवायचा. कार्यालयाचं फेसबुक पेज, एक्स खातं किंवा व्हॉट्सॲप चॅनल याचं उत्तर देत असेल तरच ते कामाचं. आणि उत्तर वेळेत जाणार की नाही, हे मे महिन्यातच ठरतं.

आधी खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा. बरेचदा ते एखाद्या ऑपरेटरच्या खासगी मोबाइल नंबरवर उघडलेलं असतं. त्याची बदली झाली की खातं अडकतं. सिम आणि ईमेल दोन्ही कार्यालयाच्या नावाचे हवेत. टू-स्टेप पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड, एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर ठेवा, कारण पावसात मोबाइलचं नेटवर्क गेलं तरी तो कोड मिळतो. बॅकअप कोड छापून सीलबंद पाकिटात घाला आणि पदभार देण्याघेण्याच्या यादीत त्या पाकिटाची नोंद करा. पेजला ॲडमिन किमान दोन असावेत, दोघांच्या पाळ्या वेगळ्या.

दुसरी अडचण मंजुरीची. मसुदा वर जातो, साहेब बैठकीत असतात, आणि सही होईपर्यंत पाणी गोदाघाटावर आलेलं असतं. यावर उपाय म्हणजे पाच-सहा संदेशांचे साचे आधीच मंजूर करून घेणं: विसर्ग वाढला, विसर्ग घटला, रस्ता किंवा पूल बंद, निवारा केंद्र सुरू, अफवेचा खुलासा. साच्यात फक्त वेळ, ठिकाण आणि आकडा भरायचा. नियंत्रण कक्षातला ड्यूटी अधिकारी तो स्वतःच्या जबाबदारीवर दहा मिनिटांत सोडेल, असा लेखी आदेश काढा. साच्याबाहेरचं काही असेल तरच वर पाठवा.

विसर्गाचा साचा असा चालेल:

«१४ जुलै, दुपारी १२.००. गंगापूर धरणातून गोदावरीत विसर्ग ३,००० वरून ६,००० क्युसेक. काठावरच्या टपऱ्या, वाहनं, जनावरं आत्ताच हलवा. रामकुंड परिसरात पाण्यात उतरू नका. मदतीसाठी १०७७. पुढची माहिती दुपारी २ वाजता.»

तारीख आणि वेळ सगळ्यात आधी, कारण फॉरवर्ड झालेला संदेश चार तासांनीही फिरत असतो. आकडा «किती वरून किती» असा द्या. नुसत्या ६,००० वरून पाणी चढतंय की उतरतंय ते कळत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, पण बहुतेकांच्या डोळ्यांपुढे त्यातून काही उभं राहत नाही. म्हणून पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं आहे तेही लिहा. नाशिककर पूर त्याच मापाने मोजतात.

सगळ्यात जास्त घोळ आकड्यांच्या ठिकाणांवरून होतो. धरणातून सुटलेलं पाणी आणि होळकर पुलाखालून वाहणारं पाणी सारखं नसतं, कारण धरणाखालचा पाऊस आणि नाले मध्ये मिळतात. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचा आकडा तर आणखी मोठा असतो. तिथे दारणा नदीचंही पाणी आलेलं असतं. तो आकडा ठिकाणाच्या नावाशिवाय फिरला की पंचवटीत धावपळ उडते, आणि खरं सावध व्हायला हवं त्या खालच्या सायखेडा-चांदोरी गावांना मात्र तो आपला वाटत नाही. त्यामुळे प्रत्येक आकड्याला त्याचं ठिकाण जोडलेलंच हवं.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधून कॉपी केलेला मजकूर मोबाइलवर नुसती चिन्हं होऊन येतो. फक्त चित्र टाकू नका. नेटवर्क मंद असेल तर ते उघडत नाही, आणि अंधांचं वाचन सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं नीट वाचेलच असं नाही. एक्सवरच्या साध्या खात्याला २८० अक्षरं मिळतात, पण त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं: «त्र्यंबकेश्वर» एवढ्यातच १३ जातात. २०२७ च्या सिंहस्थात मुख्य पर्वस्नानं ऐन पावसाळ्यात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्यासाठी हेच साचे हिंदीतही आत्ताच मंजूर करून ठेवा.

पोस्टखाली येणाऱ्या प्रतिक्रियांसाठी अमेरिकी हवाई दलाने ब्लॉगच्या काळात केलेला एका पानाचा तक्ता अजूनही उपयोगी आहे. नुसता भांडायला आलेला असेल त्याला उत्तर द्यायचं नाही, लक्ष ठेवायचं. चुकीची माहिती देणाऱ्याला आधार दाखवून दुरुस्त करायचं. ज्याला खरोखर त्रास झालाय त्याचं काम करायचं. पूरपोस्टखाली कोणी «आमच्या गल्लीत गटार उलटं येतंय» असं लिहिलं तर तो तिसऱ्या गटातला माणूस आहे. त्याच्याकडून पत्ता घ्या, विभागीय कार्यालयाला कळवा आणि त्याच धाग्यात काय झालं ते लिहा. २०१९ च्या पुराचा व्हिडिओ कोणी आजचा म्हणून टाकला, तर तो पुन्हा शेअर करून खोडू नका, त्याने तोच आणखी पसरतो. होळकर पुलाचा आत्ताचा फोटो तारीख-वेळ छापून टाका.

बचावकार्याला लष्कर आलं तर फोटोंचे नियम बदलतात. देवळालीत तोफखाना प्रशिक्षण केंद्र आणि ओझरला हवाई दलाचा डेपो असलेल्या जिल्ह्यात हे प्रत्येक ऑपरेटरला माहीत हवं. लष्कराने जुलै २०२० मध्ये जवानांना फेसबुकसह ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली होती, यावरून माहिती फुटण्याची त्यांची काळजी लक्षात येते. तुकडीचं चिन्ह, वाहनांचे क्रमांक, येण्याची वेळ आणि रस्ता टाकू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो «डॉक्युमेंट» म्हणून पाठवला तर त्यात दडलेली ठिकाणाची माहितीही जाते. शंका असेल तर फोटो संरक्षण जनसंपर्क अधिकाऱ्याकडून तपासून घ्या.

आकडा चुकलाच तर पोस्ट गुपचूप पुसू नका. स्क्रीनशॉट फाइलला लावा, «दुरुस्ती» असं सुरुवातीला लिहून योग्य आकडा द्या आणि जुन्या पोस्टखाली त्याची लिंक ठेवा. पाणी उतरल्यावर विसर्ग घटल्याचा संदेशही तितक्याच तत्परतेने सोडा आणि वर पिन केलेला इशारा काढा. तो तसाच राहिला तर घर सोडून गेलेली माणसं दुसऱ्या दिवशीही निवारा केंद्रात बसून राहतात.