पवित्र सप्ताहात तरुण संघासाठी रोजचे मनन कसे लिहावे

झावळ्यांच्या रविवारी सुरू होऊन पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) पुढच्या रविवारी संपणारे पंधरा दिवसांचे मनन तरुण संघातील मुलामुलींना रोज व्हॉट्सॲपवर पाठवण्याचे काम मंडळीने आपल्याकडे सोपवले असेल, तर लिहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. प्रत्येक दिवस त्याच्या जागी राहू द्यायचा, आणि शुक्रवारचे दुःख रविवारच्या आनंदाने झाकायचे नाही.

हे मला माझ्या चुकीतून कळले. काही वर्षांपूर्वी उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) सकाळी मी असे मनन पाठवले होते की, आज अंधार दिसत असला तरी परवा पहाट होणारच आहे, म्हणून कोणी खिन्न राहू नये. संघातील एका मुलीचा भाऊ त्याच महिन्यात वारला होता. बारा ते तीनची उपासना आटोपल्यावर दाराशी चपला घालता घालता ती मला एवढेच म्हणाली, “दादा, आज शुक्रवारच आहे.” घरी येऊन मी माझी जुनी सगळी मनने काढून वाचली, तेव्हा दिसले की सोमवार असो वा बुधवार, शेवटच्या ओळीत मी रिकामी कबर आणून ठेवलेलीच होती. शुभवर्तमानाचे, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्राचे, लेखक असे करत नाहीत. ते वाचणाऱ्याला त्या त्या दिवशी थांबू देतात.

तयारी चाळीस दिवसांच्या उपवासकाळातच सुरू करावी. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टर धरला जातो, त्यामुळे २०२६ साली ही तारीख ५ एप्रिल, तर २०२७ साली २८ मार्च अशी मागेपुढे होते, आणि हा सप्ताह कधी महाविद्यालयाच्या परीक्षेत, तर कधी लग्नसराईच्या तोंडावर येतो. कोणाची परीक्षा आहे, कोण रात्रपाळीला आहे, कोण नव्या नोकरीसाठी गाव सोडून गेला आहे, याची यादी आधी करावी आणि मनन पाठवण्याची वेळ त्यावरून ठरवावी. आमच्याकडे सकाळी सहाची वेळ बसली, कारण रात्रपाळीची मुले तेव्हा घरी परतण्यासाठी बसची वाट पाहत उभी असतात आणि बाकीच्यांचा दिवस अजून सुरू व्हायचा असतो. मजकूर दीडशे शब्दांच्या वर जाऊ देऊ नये.

शास्त्रभाग निवडताना एकाच शुभवर्तमानाचा धागा धरावा. मी मार्क घेतो, कारण तो या आठवड्याचे दिवस जवळजवळ मोजून सांगतो. गुरुवारी, शुक्रवारी आणि पुनरुत्थानापासून पुढे योहानाकडे, तर शनिवारी आणि ईस्टरनंतरच्या सोमवारी लूककडे वळतो. निवडलेला भाग तीनदा मोठ्याने वाचावा आणि आजवर जिच्याकडे आपले लक्ष गेले नव्हते अशी, डोळ्यांना दिसणारी एकच गोष्ट त्यातून उचलावी. उदाहरणार्थ, झावळ्यांच्या रविवारी आपण होसान्नाच्या जयघोषापाशी थांबतो. परंतु मार्क अकराव्या अध्यायाच्या अकराव्या वचनात सांगतो की, येशू मंदिरात गेला, त्याने सभोवार सर्व काही पाहिले आणि उशीर झाला होता म्हणून तो बारा जणांबरोबर बेथानीस निघून गेला. एवढी मोठी मिरवणूक, आणि दिवसाच्या शेवटी केवळ एक शांत नजर. त्या नजरेविषयी चार वाक्ये लिहावीत, आज आपल्या घरात फिरून त्याने सभोवार पाहिले तर त्याला काय दिसेल असे विचारावे, आणि थांबावे. उत्तर गटात लिहायला सांगू नये. सगळ्यांसमोर उत्तर द्यायचे म्हटले की मुले शोभेल ते लिहितात आणि खरे ते मनातच ठेवतात.

सोमवारी मंदिराची शुद्धी आणि मंगळवारी विधवेने दानपेटीत टाकलेली दोन लहान नाणी हे भाग इतके परिचित आहेत की त्यांवर थोडक्यात लिहिलेले बरे. बुधवारी मात्र हात सैल सोडावा. बेथानीत कुष्ठरोगी शिमोनाच्या घरी एक स्त्री शुद्ध जटामांसीच्या सुगंधी तेलाची कुपी फोडून ते येशूच्या मस्तकावर ओतते, आणि जमलेले लोक कुरकुरतात की, हे तेल तीनशे दीनारांहून अधिक किमतीला विकता आले असते. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती, म्हणजे वर्षभराची कमाई तिने एका क्षणात ओतली. जटामांसी हिमालयात उगवते. आपल्या गावातल्या काष्ठौषधींच्या दुकानात तिच्या मुळ्या आजही मिळतात. मी दहा-वीस रुपयांची एक पुडी आणून बुधवारच्या प्रार्थनेत हातोहात फिरवतो. तपकिरी, केसाळ, वाळलेल्या शेपटीसारखी ती मुळी बोटांत चुरली की ओल्या मातीसारखा उग्र वास येतो, आणि तो हात धुतल्यावरही राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाने मला कळवले होते की, वडापाव खातानासुद्धा बोटांना तोच वास येत होता. त्या वर्षीच्या माझ्या कोणत्याही वाक्याने जे झाले नाही, ते त्या वासाने केले. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल, तर मननात मुळीचे वर्णन करावे आणि ज्याला जमेल त्याने ती विकत घेऊन हुंगावी असे सुचवावे.

गुरुवारी योहानाच्या तेराव्या अध्यायातील पाय धुण्याचा प्रसंग घ्यावा. संध्याकाळच्या उपासनेत हा विधी असेल, तर सकाळच्या मननात मुलांना पाय पुढे करायची तयारी करू द्यावी. दुसऱ्याचे पाय धुणे मुलांना फारसे जड जात नाही; स्वतःची भेगाळलेली टाच किंवा बुटात दिवसभर कोंडलेला पाय दुसऱ्याच्या हातात देणे त्यांना जड जाते, आणि शिष्य पेत्राचेही तेच झाले होते. त्या रात्रीसाठी आणखी एक सूचना मी आवर्जून देतो. यहूद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेला येतो, म्हणजे येशूला जिथे अटक झाली त्या गेथशेमाने बागेतली ती रात्र चांदण्याची होती. मशाली घेऊन येणारी माणसे जैतुनाच्या झाडांमधून येशूला दुरूनच दिसली असतील, आणि तरी तो तिथून हलला नाही. आपला गुरुवारही पौर्णिमेच्या आसपासच येतो. मुलांना रात्री दहा वाजता पाच मिनिटे गच्चीवर किंवा अंगणात जाऊन चंद्राकडे पाहत उभे राहायला सांगावे. त्या वेळी प्रार्थना सुचली नाही तरी चालेल.

शुक्रवारचे मनन सर्वांत लहान असावे. दुपारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जणांचे उपदेश मुले ऐकणारच आहेत. सकाळी त्यांत आठवा घालू नये. मी आता एकच उद्गार लिहितो, “मला तहान लागली आहे,” आणि त्याखाली काही लिहीत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात उपवास धरून तीन तास बसलेल्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही. एका बाबतीत मात्र शब्द तोलून वापरावेत. ‘यहूद्यांनी येशूला मारले’ असे सरसकट वाक्य आपल्या लेखनात येता कामा नये. येशू, त्याची आई आणि त्याचे शिष्य हे सगळे यहूदीच होते, वधस्तंभाची शिक्षा रोमी सुभेदाराने दिली, आणि त्या सरसकट आरोपापायी शतकानुशतके निरपराध माणसांचे रक्त सांडले. आपल्याच कोकणात अलिबाग-रेवदंड्याच्या परिसरात पिढ्यानपिढ्या राहिलेला बेने इस्राएल समाज आपल्यासारखीच मराठी बोलतो. त्यांच्यातल्या कोणी आपले मनन वाचले तर त्याला काय वाटेल, हे पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारावे.

शनिवार बहुतेक वेळा देवळाची झाडलोट, फुले आणि खुर्च्या यांत निघून जातो, आणि त्या दिवसासाठी काही लिहायचे असते हेच आपण विसरतो. लूक एका ओळीत सांगतो की, स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार केली आणि शब्बाथ दिवशी त्या आज्ञेप्रमाणे स्वस्थ राहिल्या. प्रेत कबरेत आहे, हाताशी काम तयार आहे, आणि करण्यासारखे काही नाही. निकालाची वाट पाहणारा, नोकरीचा फोन न आलेला, दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेला प्रत्येक तरुण हा दिवस ओळखतो. त्यांना दिलासा देण्याची घाई न करता, त्या स्त्रियाही अशाच बसून होत्या, एवढे सांगावे. माझ्या अनुभवात पंधरा दिवसांपैकी सर्वांत जास्त मुले वैयक्तिक निरोप पाठवतात ती याच दिवशी, आणि त्यांना उत्तर द्यायला आपण मोकळे असावे, म्हणून खुर्च्यांचे काम दुसऱ्या कोणावर तरी आधीच सोपवून ठेवावे.

रविवारी पहाटे प्रभातफेरी आणि दफनभूमीतली प्रार्थना असते, तेव्हा मनन रात्रीच लिहून ठेवावे व पहाटे चारला पाठवावे. ‘प्रभू उठला आहे’ हे त्यात अर्थातच यावे, पूर्ण आनंदाने यावे. इतके दिवस ते मागे ठेवले ते याच सकाळसाठी. परंतु योहानाच्या विसाव्या अध्यायात मग्दालीया मरीया आधी रडते, येशूला माळी समजते, आणि त्याने तिला नावाने हाक मारल्यावरच ओळखते, हा क्रम मोडू नये. शक्य असेल तर त्या दिवशी मनन गटात न टाकता प्रत्येकाला वेगळे, त्याचे नाव लिहून पाठवावे. चाळीस मुले असतील तर तासभर लागतो.

भाषेविषयी थोडे सांगतो, कारण अनेकांची मनने इथे अडखळतात. ‘देव तुमच्या जीवनात महान गोष्टी करू इच्छितो’ यासारखी भाषांतरित वाटणारी वाक्ये मुलांच्या डोळ्यांवरून घसरून जातात. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले ते ओवीत, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूची भजने लिहिली ती अभंगाच्या वळणाने. आपल्याला तेवढी प्रतिभा नसली तरी आपल्या आजीच्या तोंडचे मराठी आपल्याजवळ आहे. लिहिलेले मनन घरात कोणाला तरी वाचून दाखवावे, आणि ऐकणारा जिथे ‘म्हणजे काय?’ विचारील तिथे वाक्य बदलावे. तसेच कोणा मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, नाव बदलूनही, मननात वापरू नये. आपले गाव आणि आपला संघ लहान असतो, आणि वाचणारा लगेच ओळखतो.

ईस्टरनंतर अनेकांचे मनन बंद पडते, ही मला मोठी उणीव वाटते. मंडळीच्या परंपरेत पुनरुत्थानाचा काळ पन्नास दिवसांचा आहे. आपण निदान आठवडा तरी द्यावा. सोमवारी अम्माऊस गावाच्या वाटेवरचे दोघे शिष्य घ्यावेत, जे ‘आमची आशा होती’ असे भूतकाळात बोलतात. बुधवार-गुरुवारी पुनरुत्थानावर शंका घेणारा शिष्य थोमा घ्यावा. शेवटच्या रविवारसाठी योहानाचा एकविसावा अध्याय राखून ठेवावा. मुख्य याजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभ्या असलेल्या पेत्राने येशूला नाकारले होते, आणि आता समुद्रकिनाऱ्यावर येशू पुन्हा कोळशांचा विस्तव पेटवून, त्यावर मासळी ठेवून त्याला न्याहारीला बोलावतो. नव्या करारात मूळ ग्रीकमधला कोळशाच्या विस्तवाचा तो शब्द या दोनच ठिकाणी येतो. त्या सकाळी आम्ही मननाचा मजकूर पाठवत नाही, फक्त वेळ आणि जागा कळवतो. देवळामागच्या मोकळ्या जागेत साडेसहाला शेगडी पेटते, त्यावर सुकट आणि भाकरी भाजली जाते, आणि अध्याय कोणीतरी एकदा वाचतो. जो मुलगा किंवा मुलगी पूर्ण पंधरवड्यात फिरकली नाही, तिच्यासाठी एक ताट आधीच वाढून झाकून ठेवावे, आणि आठ वाजेपर्यंत ती आली नाही तर ते गरम असतानाच तिच्या घरी नेऊन द्यावे.