मुक्ता साळवेचा निबंध मुलांबरोबर असा वाचा

दर शनिवारी मी आठवी-नववीच्या मुलांबरोबर जुनं काहीतरी वाचते. जातीविषयी बोलायचं तर सुरुवात मुक्ता साळवेपासून. मातंग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकणारी १४ वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला.

आधी तिचं वय सांगा. आपल्याच वयाची म्हटल्यावर मुलं सरसावून बसतात. मग मोठ्यानं वाचायला लावा. भाषा जुनी आहे, अडखळतील, अडखळू द्या.

बाळंतिणींचा मजकूर आला की थांबा. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं. थंडी-वाऱ्या-पावसात त्यांचं काय होत असेल, ते स्वतःच्या अनुभवावरून ताडून बघा, असं ती वाचणाऱ्याला सांगते. आपल्या घरातली बाळंतीण, तिची शेक-शेगडी, दाराला लावलेला पडदा, सगळं डोळ्यांसमोर येतं. इथे मी पुस्तक मिटते आणि थोडा वेळ काही बोलत नाही.

पुढचा प्रश्न फार जपून विचारा. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, “तुमच्यापैकी कुणाला असं सोसावं लागलंय का?” एका मुलीनं मान खाली घातली. पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. चारचौघांत कुणाची जात उघडी पडेल असं काही विचारू नका.

आता मी विचारते, “आपल्या घरात कुणासाठी काय वेगळं ठेवलंय?” एक मुलगा म्हणाला, “घंटागाडीच्या मावशींचा पेला. गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागे असतो.” अशा वेळी भाषण देऊ नका. तो पेला कोण धुतं, त्यातून तू पाणी पिशील का, एवढंच विचारा.

“आता कुठे राहिलीय जात?” असं कुणीतरी म्हणतंच. वाद घालू नका. अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं १७ वं कलम वाचा, हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा २०१३ चा कायदा दाखवा. मग महिनाभर पेपर चाळायला सांगा : चेंबरमध्ये उतरून गुदमरलेली माणसं कोण होती?

वंशभेदाकडे जायचं तर ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका घ्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गुलामी मोडायला झटलेल्या तिथल्या सज्जनांना जोतिरावांनी १८७३ साली हे पुस्तक अर्पण केलं. पुण्यातल्या माणसाला ते दुःख आपलं का वाटलं, यावर मुलं तासभर बोलतात.

शेवटी पानभर लिहून घ्या, नाव न घालता. ती पानं मी कुणालाही दाखवत नाही.